कोकणातलं घर: झडीच्या भिंतीला बाहेरून काय लावायचं?

कोकणात जुन्या घरांना मृगाच्या आधी नारळाची झापं बांधत. चारी बाजूंना नव्हे. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या अंगाला, जिथून झड, म्हणजे वाऱ्याने तिरका मारणारा पाऊस, येते तिथेच. पाऊस सरला की झापं सोडायची आणि भिंत ऑक्टोबरच्या उन्हात सुकू द्यायची. बाहेरच्या भिंतीला काय लावावं, हा प्रश्न आजही तिथूनच सोडवायला घ्यावा. दुकानात मात्र उलटं होतं. आधी रंगांचा पट्टा हातात येतो, मग टेक्स्चर, मग दगडी टाइल, आणि चारही भिंतींना एकच काहीतरी ठरतं. तीन पावसाळ्यांनी पूर्वेची भिंत जशीच्या तशी असते आणि पश्चिमेचीला पोपडे सुटलेले असतात.

रायगडपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पावसात भिंत भिजणारच. कुठलं आवरण टिकेल हे ते पाणी किती अडवतं यावर जेवढं ठरतं, तेवढंच आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट ठेवतं का यावर ठरतं.

आधी भिंती ओळखा

कागदावर घराचा चौकोन काढा, दिशा लिहा. जुनं घर असेल तर जुलैत एक फेरी मारा. कुठली भिंत वरपासून खालपर्यंत काळी पडली आहे, कुठे फक्त खालचे दोन-अडीच फूट लाल चिखलाने रंगलेत, कुठे खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशीसारखे ओघळ उतरलेत, ते खुणेने मांडा. वरपासून काळी म्हणजे झड. खालचा पट्टा म्हणजे पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून उडणारे शिंतोडे. मिशी म्हणजे खिडकीच्या पाटाला बाहेर उतार नाही किंवा त्याच्या खाली खाच नाही. तिन्हींवर इलाज वेगळे आहेत आणि त्यातले दोन तर आवरणाशिवायच होतात.

शिंतोड्यांसाठी पागोळी पडते तिथे, जोत्याला लागून, दोन ते तीन फूट रुंदीची फरसबंदी किंवा खडीचा पट्टा घाला. फरशी असेल तर दर चार फुटांना एक इंच असा बाहेर उतार द्या. मातीपेक्षा खडीवरून पाणी फार कमी उडतं. खिडकीचा पाट भिंतीच्या बाहेर दोन इंच काढा आणि त्याच्या पोटाला, कडेपासून इंचभर आत, अर्ध्या इंचाची खाच मारा. ही खाच नसेल तर पाणी पाटाच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं. छज्जाच्या पोटालाही तीच खाच हवी. गवंडी ओला गिलावा असतानाच एक सळई दाबून ती काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. सांगितलं नाही तर मात्र होत नाही.

नवीन बांधत असाल तर छपराची वळचण झडीच्या बाजूला तीन फूट बाहेर काढा. बाहेरून लावायची कुठलीही वस्तू याच्याइतकी कमी देखभालीची नाही.

ओल कुठून येते ते तपासा

जुन्या भिंतीवर काहीही लावण्याआधी ही चाचणी चुकवू नका. दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, चारी कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवा आणि एक दिवस-रात्र तसंच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला दव धरलं तर भिंत अजून ओली आहे. जोत्याजवळ, मध्ये आणि छपराखाली अशा तीन ठिकाणी करा. फक्त खालीच दव धरत असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. तिथे रंगाने काही होणार नाही, आधी जोत्याचं काम करावं लागेल. तिन्ही ठिकाणी दव असेल तर नोव्हेंबर उजाडला असला तरी आणखी महिनाभर थांबा.

चिरा उघडा ठेवायचा असेल तर

चांगला जांभा (ज्याचे चिरे कापतात तो तांबडा दगड), चांगली वळचण आणि व्यवस्थित भरलेल्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांत भरलेला माल, असतील तर उघड्या चिऱ्याच्या भिंतीला वर्षानुवर्षं काही करावं लागत नाही. पूर्व आणि उत्तर बाजूंना आमचं पहिलं मत उघड्या चिऱ्यालाच.

चिरा निवडताना एक करा. साधारण १४ × ९ × ७ इंचांचा चिरा तीसेक किलोचा भरतो. तो पूर्ण सुकवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. भारतीय मानक ३६२० मध्ये पाणी पिण्याची मर्यादा वजनाच्या १२ टक्के आहे. म्हणजे तीस किलोच्या चिऱ्याने साडेतीन किलोच्या वर पाणी प्यायलं तर तो झडीच्या भिंतीला नको. आतल्या भिंतीत वापरा. पिवळट-पांढऱ्या मातीच्या खळ्या असलेले चिरेही बाजूला काढा, कारण दोन पावसांत ती माती धुऊन जाते आणि तिथे भोकं उरतात. खाणीतून ताजा आलेला चिरा मऊ असतो, हवेवर टणक होतो. दोन-तीन महिने आधी आणून ठेवता आला तर उत्तम.

दर्जा भरताना सांधा पाऊण इंच खोल खरवडा, ब्रशने झाडा, पाणी मारा. माल नुसत्या १:३ सिमेंट-वाळूचा करण्याऐवजी एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा करा. कडक सिमेंटची दर्जा चिऱ्यापेक्षा घट्ट होते. मग पाणी दर्जेतून सुकत नाही, चिऱ्याच्या कडेतून सुकतं, आणि कडा झिजून दर्जा जाळीसारखी पुढे आलेली दिसते. माल दाबून भरल्यावर तासाभराने, बोटाचा ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही अशा वेळी, वाकवलेल्या गोल सळईने सांध्यावर एकच सलग हात फिरवा. सांधा किंचित आत दबतो, वर गुळगुळीत कातडी येते आणि पाणी थांबत नाही. उठावाची दर्जा, जी भिंतीच्या बाहेर दोरीसारखी काढतात, ती फोटोत छान दिसते. पण तिच्या वरच्या कडेवर पाणी साचतं आणि पहिली भेग तिथेच जाते. सात दिवस पाणी मारा.

चिऱ्यावर चमकदार लॅकर किंवा वॉर्निश मारू नका. पहिल्या वर्षी भिंत ओल्या विटेसारखी लालभडक दिसते. दुसऱ्या पावसानंतर मागून येणारी ओल लॅकरखाली अडकते आणि पांढरे चट्टे पडतात. ते खरवडून काढणं हे लावण्यापेक्षा चौपट काम. पाणी झटकणारा पण वाफ सोडणारा सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचा द्रव चालतो. त्याने चिऱ्याचा रंग बदलत नाही. आधी दोन-तीन चिऱ्यांवर मारून आठवड्याने पाणी शिंपडून बघा. थेंब मोत्यासारखे घसरले तर पुढे जा.

गिलावा आणि रंग

हा सगळ्यांचा नेहमीचा मार्ग, आणि बिघाडही इथेच जास्त. बाहेरचा गिलावा दोन थरांत करायचा: पहिला १२ मिमी, दुसरा ८ मिमी. एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, १:४ प्रमाणात साधारण पावणेदोन ते दोन पोती सिमेंट आणि आठ ते दहा घनफूट वाळू लागते. चिऱ्याची भिंत जितकी खडबडीत तितका आकडा वरच्या टोकाला.

वाळू बघून घ्या. काचेच्या बरणीत चार इंच वाळू भरा, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर पाव इंचापेक्षा फार जाड असेल तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. खाडीची वाळू तर नकोच. तिच्यातलं मीठ गिलाव्यात राहतं, पावसात विरघळतं, सुकताना बाहेर येतं. त्यालाच आपण लोणा म्हणतो. त्यावर कुठलाही रंग धरत नाही.

जिथे सिमेंटचा कॉलम किंवा बीम चिऱ्याला भेटतो तिथे फूटभर रुंदीची कोंबडीजाळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी येईल अशी ठोका. ती न लावल्यास पहिल्याच उन्हाळ्यात सरळ रेषेत चीर जाते. जलरोधक द्रव पोत्यामागे डब्यावर लिहिलंय तेवढाच घाला. दुप्पट ओतल्याने भिंत दुप्पट कोरडी राहत नाही. पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत असते, म्हणून तिचा गिलावा सकाळीच उरकावा. दुपारी उन्हात केलेला गिलावा वरून सुकतो, आतून कच्चा राहतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे धरतो. सात दिवस पाणी, रंग मात्र २८ दिवसांनंतर.

बाहेर पुट्टी लावू नका. रंगाऱ्याला ती हवी असते, कारण भिंत गुळगुळीत होते आणि रंग कमी लागतो. झडीच्या भिंतीवर मात्र तीच सगळ्यांत आधी सुटते. वाळूच्या खरखरीत गिलाव्यावर प्रायमरचा एक आणि बाहेरच्या इमल्शनचे दोन हात पुरेत. दोन हातांना लिटरमागे साधारण ४५ ते ६० चौरस फूट धरा, खरखरीत भिंतीला खालचाच आकडा.

रबरासारखा जाड जलरोधक रंग कोरड्या भिंतीवर चांगला. ओल्या भिंतीवर तो पुरीसारखा फुगतो. टाचणी टोचून बघा, पाणी निघतं. अशा वेळी रंगाला दोष देण्यात अर्थ नाही. पाणी भिंतीत आधीच होतं, त्याची वाट बंद केली गेली.

पत्र्याचं आवरण

झडीच्या भिंतीला, विशेषतः छपराखालच्या त्रिकोणाला, आमची शिफारस पत्र्याची. भिंत आणि पत्रा यांच्यात हवेची पोकळी राहते. पाऊस पत्र्यावर थांबतो, भिंत मागे आपली सुकत राहते. झापांचंच काम, फक्त बारमाही.

पत्रा रंगीत, जस्त-ॲल्युमिनियमचा लेप असलेला घ्या. मागच्या बाजूला छापलेलं वाचा. लेप एझेड १५० असावा, म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम. जाडी ०.५० म्हटली तर ती रंगासकट की नुसत्या धातूची, हे विचारा. समुद्राचे तुषार घरापर्यंत येत असतील तर पोलादाऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा लावा.

एक नमुना मांडून बघू. पश्चिमेची भिंत २५ फूट लांब, १० फूट उंच, वर सव्वासात फुटांचा त्रिकोण, दोन खिडक्या चार बाय चारच्या. चौकोन २५०, त्रिकोण ९०, वजा खिडक्या ३२. राहिले ३०८ चौरस फूट. तुकड्यांसाठी दहा टक्के जास्त धरून ३४०. एक मीटर झाकणारे पत्रे आठ लागतील, उंची त्रिकोणाप्रमाणे वेगवेगळी. आडव्या पाइपांच्या ओळी अडीच फुटांवर घेतल्या तर चौकोनात पाच ओळी, त्रिकोणात दोन आणि दोन तिरक्या कडा मिळून साधारण १८० फूट. म्हणजे २० फुटी जीआय (जस्त चढवलेले) चौकोनी बॉक्स पाइप नऊ, पण दहा आणा. स्क्रू हिशेबाने २८० च्या आसपास होतात, साडेतीनशे घ्या. खिडक्यांच्या चौकटीभोवतीची पट्टी वेगळी मोजा. तीच नेहमी विसरली जाते आणि मग शहरात एक फेरी वाढते.

जोडणी अशी. पाइप चिऱ्यात बसवताना ठोकून फुगणारा बोल्ट वापरू नका. मऊ चिऱ्यात तो घट्ट होण्याऐवजी फिरत राहतो आणि भोक मोठं करतो. नायलॉन प्लगचा लांब स्क्रू किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेली सळई) घ्या, आणि भोक दर्जेत नव्हे तर चिऱ्याच्या मध्यावर पाडा. पाइप ओळंब्यात आणा, भिंत वाकडी असली तरी. पत्रा वाऱ्याच्या उलट टोकापासून लावायला सुरुवात करा. नैऋत्येचा वारा असलेल्या पश्चिम भिंतीवर उत्तरेच्या कोपऱ्यापासून दक्षिणेकडे या. म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलट लावला तर झड थेट जोडात शिरते.

छपरावर स्क्रू उंचवट्यावर मारतात. भिंतीवर मात्र खोलगट भागात मारायचा, कारण तिथे पत्रा पाइपला टेकलेला असतो आणि स्क्रू घट्ट करताना चेपत नाही. रबराचा वॉशर किंचित बाहेर फुगेल इतकंच आवळा. चपटा होऊन वाटीबाहेर आला तर जास्त झालं, वर्षभरात तो फाटेल. स्टेनलेसचा स्क्रू जास्त चांगला असेल असं वाटतं, पण जस्त-ॲल्युमिनियमच्या पत्र्याला तो चालत नाही. दमट खाऱ्या हवेत दोन धातूंच्या भेटीत स्क्रू चकचकीत राहतो आणि भोवतीचा पत्रा खाल्ला जातो. पत्र्याच्या लेपाला जुळणारा, जाड लेपाचा स्क्रूच मागा.

पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांबरोबर उडालेले लोखंडाचे कण रंगावर चिकटतात आणि पहिल्या पावसात पत्र्यावर तांबडे ठिपके दिसतात. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापा, आणि रोज संध्याकाळी चुरा मऊ ब्रशने झाडा. ओलं सिमेंट पत्र्याला लागू देऊ नका, तेही लेप खातं.

खालची कड जमिनीपासून सहा इंच तरी वर. खाली आणि वर वळचणीखाली पोकळी उघडी ठेवा, नाहीतर हवा फिरणार नाही. पण उघडी म्हणजे जाळीशिवाय नव्हे. तीन-चार मिलिमीटर भोकांची जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतील, उंदीर शिरतील आणि उंदरांमागून साप.

तोटे दोन. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर पत्रा असेल तर जुलैत आवाज येतो, आणि गडद रंग दुपारी तापतो. फिका रंग आणि इंच-दीड इंचाची पोकळी ठेवली तर ताप बराच कमी होतो. आवाजाची सवय करावी लागते किंवा पुढचा पर्याय बघावा लागतो.

फायबर सिमेंटच्या पट्ट्या

पत्र्यापेक्षा शांत, दिसायला लाकडासारख्या, वाळवी खात नाही. बाहेरच्या भिंतीला आठ मिमी जाडीच्या पट्ट्या घ्या आणि बिलावर ऍस्बेस्टॉसविरहित असं लिहून घ्या, कारण आपल्याकडे ऍस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे अजून विकले जातात. इथे पाइप उभे लावायचे, १६ इंचांवर. पट्ट्या खालून वर चढवत जायच्या, प्रत्येक वरची पट्टी खालचीवर निदान सव्वा इंच. दोन पट्ट्यांचा जोड नेहमी पाइपवर यावा आणि त्यात तीन मिमी फट राहावी. इथे मात्र स्टेनलेसचे स्क्रू चालतात.

बिघडतं ते कापलेल्या कडेला. कारखान्यातून आलेली बाजू रंगवलेली असते, तुमच्या अंगणात कापलेली कच्ची असते आणि पाणी पिऊन फुगते. कापलं की तिथेच प्रायमरचा हात, भिंतीवर चढवल्यावर नव्हे. धूळ फुप्फुसांना वाईट आहे, तेव्हा उघड्यावर, नीट बसणारा धुळीचा मास्क लावूनच कापा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. आठ-दहा वर्षांनी रंगाचा एक हात द्यावा लागेल.

हे नको

चिकटवलेली दगडी टाइल झडीच्या भिंतीवर नको. मागे सिमेंटचे पाच गोळे लावून ती चिकटवतात, मधल्या पोकळीत पाणी साचतं, सांध्यांतून लोणा उतरतो आणि काही वर्षांनी एखादी पडते. जोत्याच्या पट्ट्याला लावायचीच असेल तर पूर्ण पाठीला ॲडेझिव्ह फासून लावा, आणि सुकल्यावर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर काढून परत. छताला लावायच्या पीव्हीसी पट्ट्या बाहेर लावतात, त्या उन्हात ठिसूळ होतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या घराला व्हायनिलच्या पट्ट्या असतात, म्हणून इथेही चालतील असं नाही. तिथे त्या लाकडी सांगाड्यावर, उन्हात वाढता-आकसता यावं म्हणून लांबट भोकांतून सैल टांगलेल्या असतात. छतासाठीच्या आपल्या पट्ट्या त्यासाठी बनलेल्याच नसतात.

कामाचं वेळापत्रक आणि नंतरची निगा

दिवाळीनंतर प्लॅस्टिकची चाचणी. गिलावा आणि दर्जा डिसेंबर-जानेवारीत, रंग मार्चपर्यंत. पत्रा किंवा पट्ट्या मेच्या मध्याच्या आत, कारण वळवाचा पहिला जोरदार पाऊस अर्ध्या लावलेल्या पत्र्याला उचलतो.

शेवाळ उन्हाळ्यात काढा. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, मऊ ब्रशने लावून १५-२० मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. पत्र्यावर हे मिश्रण नको, तिथे साबणाचं पाणी पुरतं. ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. चिऱ्याला तारेचा ब्रश नको आणि जोराच्या फवाऱ्याचं मशीनही नको, दोन्ही मऊ चिरा ओरबाडतात. समुद्राजवळचा पत्रा महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः वळचणीखालचा वरचा भाग. तिथे पाऊस पोचत नाही, म्हणून मीठ साठतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

उरलेले दोन पत्रे, मूठभर स्क्रू आणि रंगाच्या डब्यावरचा क्रमांक माळ्यावर जपून ठेवा. पाच वर्षांनी नारळ पडून एक पत्रा चेपला, तर त्या रंगाची छटा बाजारात मिळेलच असं नाही.